ओल्डबॉय : पंधरा वर्षांची कैद आणि पश्चिमेची नजर

‘ओल्डबॉय’ म्हणजे माजी विद्यार्थी. इंग्रजी शाळांतून हा शब्द निघाला आणि जपान-कोरियातही त्याच अर्थाने रुळला. पार्क चान-वूक या दिग्दर्शकाचा याच नावाचा चित्रपट २१ नोव्हेंबर २००३ रोजी दक्षिण कोरियात प्रदर्शित झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या तरुण प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. तिकडे त्याची ओळख हातोडा, जिवंत ऑक्टोपस आणि रक्त अशी आहे. आमचा पेशा शिक्षकाचा असल्यामुळे असेल, पण आम्हाला त्याचे शीर्षकच अधिक बोलके वाटते. कारण या भयंकर सूडकथेची गाठ एका शाळेत आहे. एका विद्यार्थ्याने फुटक्या काचेतून काहीतरी पाहिले, मित्राला सांगितले, मित्राने आणखी कोणाला सांगितले, सांगता सांगता गोष्ट वाढत गेली आणि एका मुलीचा जीव गेला. आपण ज्याला गीबत म्हणतो तिचा परिणाम किती दूरवर जातो, याची ही कथा आहे.

असा चित्रपट पश्चिमेला इतका का आवडला आणि आवडून घेताना त्यातले काय वगळले गेले, हे आम्हाला येथे पाहायचे आहे. त्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे भाग आहे.

ओ दे-सू हा एक सामान्य, बडबड्या, पिण्याचा शौक असलेला माणूस. १९८८ साली मुलीच्या वाढदिवसाच्या रात्री तो दारू पिऊन पोलीस ठाण्यात गोंधळ घालतो. मित्र त्याला सोडवून आणतो. रस्त्यावरच्या टेलिफोनपाशी मित्र बोलत असताना दे-सू नाहीसा होतो. शुद्धीवर येतो तो एका खोलीत. पलंग आहे, न्हाणीघर आहे, टीव्ही आहे, बाहेर उघडणारी खिडकी मात्र नाही. दाराच्या फटीतून रोज तेच जेवण येते, आपल्या करंजीसारखे दिसणारे तळलेले मांडू. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती, हे कोणी सांगत नाही. टीव्हीवरच त्याला कळते की आपल्या बायकोचा खून झाला आहे आणि पोलिसांचा संशय आपल्यावर आहे. पंधरा वर्षांनी, तसेच काही न सांगता, त्याला सोडून दिले जाते. पुढे त्या मांडूच्या चवीवरून माग काढत तो त्या जागेपर्यंत पोहोचतो. ती जागा सरकारी तुरुंग नसते. शहरातल्या एका इमारतीत सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधोमध चालवलेला तो एक धंदा असतो. पैसे भरा, माणूस आणून द्या, सांगाल तितकी वर्षे आम्ही सांभाळतो, असा.

कोंडणारा आहे ली वू-जिन, दे-सूच्याच शाळेत शिकलेला, आता अफाट श्रीमंत. मेलेली मुलगी त्याची बहीण. शेवटी जे गुपित उघडे पडते ते नात्यांच्या सगळ्या मर्यादा मोडणारे आहे आणि त्याचा तपशील आम्ही येथे देत नाही. इतके सांगितले तरी पुरे, की दे-सू अखेर स्वतःच्या हाताने आपली जीभ कापतो. शाळेत ज्या अवयवाकडून अपराध झाला, त्यालाच तो शिक्षा देतो.

मे २००४ मध्ये हा चित्रपट फ्रान्सच्या कान महोत्सवात स्पर्धेत होता. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते अमेरिकेचे क्वेंटिन टॅरँटिनो. त्यांच्याच ‘किल बिल’ या सूडकथेचा दुसरा भाग आदल्याच महिन्यात अमेरिकेत लागला होता. मंडळाने सर्वोच्च पुरस्कार मायकल मूर यांच्या ‘फॅरनहाइट ९/११’ या माहितीपटाला दिला आणि त्याखालोखालचा ग्रां प्री ‘ओल्डबॉय’ला. तो स्वीकारताना पार्क यांनी कलाकारांबरोबर ऑक्टोपसांचेही आभार मानले, असे सांगतात. हे ऑक्टोपस प्रकरण पश्चिमेत फार चघळले गेले. सुटकेनंतर दे-सू एका उपाहारगृहात जिवंत ऑक्टोपस तोंडात कोंबतो, असा तो प्रसंग आहे. चोई मिन-सिक हे नट बौद्ध आहेत. चित्रीकरणात चार ऑक्टोपस लागले आणि त्यांनी प्रत्येकासाठी प्रार्थना केली. कोरियात ताज्या ऑक्टोपसचे वळवळते तुकडे खातात हे खरे. अख्खा जीव तसा दातांनी ओढून खाणे ही मात्र तिथलीही रीत नाही. पंधरा वर्षे जिवंत वस्तूला स्पर्श न झालेल्या माणसाची ती भूक होती. पाहणाऱ्यांनी ती कोरियन माणसाची भूक समजून घेतली.

यामागे बाजारही होता. ब्रिटनमध्ये टार्टन नावाची चित्रपट वितरण संस्था होती. नव्या शतकाच्या आरंभी तिने ‘एशिया एक्स्ट्रीम’ नावाची मालिका काढली. एक्स्ट्रीम म्हणजे टोकाचे. जपानचे ‘रिंग’, ‘ऑडिशन’ आणि ‘बॅटल रॉयल’, हाँगकाँगचे आणि थायलंडचे काही भयपट, कोरियाचा ‘ओल्डबॉय’, असे सगळे एकाच शिक्क्याखाली विकले गेले. २००५च्या मार्चमध्ये याच संस्थेच्या अमेरिकी शाखेने तो अमेरिकेत लावला. एक भुताची गोष्ट, एक शाळकरी मुलांच्या कत्तलीची, एक सूडाची, देश वेगळे, भाषा वेगळ्या, इतिहास तर एकमेकांच्या विरोधातले. कोरिया ३५ वर्षे जपानच्या गुलामीत होता, हे शिक्का मारणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. टार्टनचे २००८ मध्ये दिवाळे निघाले, शिक्का मात्र लोकांच्या डोक्यात राहिला. (आमच्या उर्दू शायरीचेही असेच होते. शराब, साकी आणि मैखाना एवढेच पुष्कळांना आठवते आणि सर सय्यद यांच्या काळात हालींनी लिहिलेले ‘मुसद्दस’ शाळेच्या पुस्तकात पडून राहते.)

खुद्द कोरियन प्रेक्षक त्या हंगामात काय पाहत होते? ‘ओल्डबॉय’ तिथेही चालला, सुमारे ३२ लाख लोकांनी पाहिला. पण त्यानंतर महिनाभरात आलेला ‘सिल्मिडो’ आणि २००४च्या फेब्रुवारीत आलेला ‘तेगुक्गी’ यांनी प्रत्येकी एक कोटीचा टप्पा ओलांडला. एका देशाची लोकसंख्या पावणेपाच कोटींच्या आसपास असताना एक कोटी! ‘सिल्मिडो’ सरकारनेच तयार केलेल्या आणि मग झटकून टाकलेल्या एका गुप्त पलटणीच्या १९७१च्या बंडावर होता, ‘तेगुक्गी’ १९५०च्या युद्धात सापडलेल्या दोन भावांवर. कोरियन लोक आपल्या सरकारच्या आणि आपल्या फाळणीच्या गोष्टींवर रडत होते. त्या गोष्टी पश्चिमेच्या फारशा कामाच्या नव्हत्या.

पाश्चात्त्य समीक्षेचा सूर एकसारखा नव्हता, हे न सांगणे अन्यायाचे होईल. शिकागोचे रॉजर इबर्ट यांनी चित्रपटाला पैकीच्या पैकी चार तारे दिले. चित्रपटाचे सामर्थ्य दाखवलेल्या हिंसेत नसून तो माणसाच्या मनाचा जो तळ उघडा करतो त्यात आहे, असे त्यांनी मांडले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मनोला डार्गिस यांना तो पोकळ वाटला आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. हे मतभेद रास्त आहेत, चित्रपट सगळ्यांना आवडलाच पाहिजे असे नाही. पण न्यूयॉर्कच्याच एका साप्ताहिकात रेक्स रीड नावाच्या नामवंत समीक्षकाने चित्रपटाचा दोष कोरियन लोकांच्या किमचीत शोधला. कोबी आणि लसूण पुरून, आंबवून खाणाऱ्या राष्ट्राकडून दुसरी कसली अपेक्षा करणार, असा त्याच्या लिहिण्याचा आशय होता. किमची हे त्या लोकांचे रोजचे लोणचे. एका कलाकृतीवर राग आला तर सगळ्या राष्ट्राच्या ताटापर्यंत जायचे, ही पद्धत ज्यांच्या ताटाकडे लोक नेहमीच डोकावतात त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही केवळ अनोळखी देशाचे आकर्षण म्हणून पश्चिमेने हा चित्रपट उचलला, असे म्हणणे अर्धवट ठरेल. पार्क यांनी त्यांच्यासाठी ओळखीच्या खुणा पेरलेल्या आहेत. सोगांग या कॅथलिक विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान शिकले आणि हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ पाहून दिग्दर्शक व्हायचे ठरवले. ‘ओल्डबॉय’मध्ये व्हिवाल्डीचे संगीत आहे, आणि नकळत पाप करून स्वतःलाच शिक्षा घेणारा नायक ही तर थेट ग्रीक शोकांतिकेची, ईडिपसची, रचना आहे. युरोपच्या सुशिक्षित प्रेक्षकाला आपलेच जुने वैभव परक्या वेशात भेटल्याचा आनंद त्यात मिळाला.

दुसरे, तो गाजलेला बोळातला प्रसंग. दे-सू हातात हातोडा घेऊन त्या खाजगी तुरुंगाच्या बोळात शिरतो आणि समोर गुंडांची रांग असते. कॅमेरा बाजूने, जणू भिंत काढून टाकली आहे असा, त्यांच्याबरोबर सरकत राहतो. सगळी मारामारी एकाच सलग दृश्यात आहे. ती तीन दिवसांत सतरा वेळा चित्रित करावी लागली. पाठीत घुसलेला सुरा तेवढा संगणकाने नंतर घातला. हिंदी आणि हॉलिवूडच्या मारामाऱ्यांत नायक थकत नाही. इथे तो धापा टाकतो, भिंतीला टेकतो, खाली पडतो, गुंडही दमून गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहतात. व्हिडिओ गेमवर वाढलेल्या पिढीला ते दृश्य आपल्या खेळासारखे दिसले, हे खरे आहे आणि त्याची नक्कल पुढे पुष्कळ झाली. आम्हाला मात्र त्यातली दमणूक लक्षात राहिली. सूड घेणे हे अंगमेहनतीचे, कंटाळवाणे काम आहे, असे दाखवणारे दुसरे दृश्य आम्ही पाहिलेले नाही.

तिसरे कारण काळाचे आहे आणि त्याबद्दल कमी लिहिले गेले आहे. कानचा तो महोत्सव १२ मे २००४ रोजी सुरू झाला. त्याआधी दोन आठवडे, २८ एप्रिलला, इराकमधल्या अबू गरीब तुरुंगाची छायाचित्रे अमेरिकेच्या टीव्हीवर दाखवली गेली होती. ग्वांतानामोचा तळ जानेवारी २००२ पासून भरत होता आणि तिथल्या माणसांना आपला गुन्हा कोणता, सुटका कधी, हे कोणी सांगत नव्हते. त्याच वर्षी एका मंचावर पहिला पुरस्कार त्या युद्धाच्या विरोधातल्या माहितीपटाला मिळतो आणि दुसरा अशा चित्रपटाला, ज्याचा नायक आरोपाशिवाय पंधरा वर्षे कोंडला गेला आहे. परीक्षकांनी असा हिशेब केला, असे आम्ही म्हणत नाही. पण खिडकी नसलेल्या खोलीचे चित्र त्या वर्षी पश्चिमेच्या डोळ्यांना परके राहिले नव्हते. ते चित्र आपल्या सरकारबद्दल आहे असे मानण्यापेक्षा ते दूरच्या कोरियाबद्दल आहे असे मानणे सोयीचे होते.

आता ती खोली खरोखर कोरियाबद्दल काय सांगते ते पाहू. चित्रपटाचा आधार एका जपानी चित्रमालिकेचा आहे. गारोन त्सुचिया यांनी लिहिलेली आणि नोबुआकी मिनेगिशी यांनी रेखाटलेली ही मालिका १९९६ ते १९९८ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यात कैद दहा वर्षांची आहे आणि सूडाचे कारणही वेगळे आहे. कोरियन चित्रपटाने ती पंधरा वर्षांची केली, १९८८ ते २००३. हा पाच वर्षांचा फरक आम्हाला किरकोळ वाटत नाही.

१९६१ मध्ये जनरल पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली आणि १९७२ च्या युशिन घटनेने ती जवळजवळ आजन्म करून घेतली. २६ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने त्यांना गोळ्या घातल्या. डिसेंबरात जनरल चुन डू-ह्वान यांनी सैन्याचा ताबा घेतला आणि मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लोकशाही मागणाऱ्या नागरिकांवर सैन्याने गोळीबार केला. त्याच वर्षी समाजकंटक ठरवून सुमारे ४० हजार लोकांना लष्करी ‘शुद्धीकरण’ छावण्यांत पाठवले गेले. त्यांतल्या पुष्कळांवर कोणताही खटला चालला नव्हता. जून १९८७ मध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे राष्ट्राध्यक्षांची थेट निवडणूक मान्य झाली. १९८८च्या सप्टेंबरात सेऊलला ऑलिंपिक भरले.

नेमक्या याच वर्षी दे-सूला कोंडले जाते. देशाचे दार उघडते तेव्हा त्याचे बंद होते. खोलीतल्या टीव्हीवर पुढची पंधरा वर्षे सरकत जातात. चुन डू-ह्वान यांची अटक, हाँगकाँगचे चीनकडे जाणे, डायानाचा अंत्यविधी, १९९७चे आर्थिक अरिष्ट, २०००ची उत्तर-दक्षिण शिखर भेट, न्यूयॉर्कचे कोसळणारे मनोरे, २००२चा फुटबॉल विश्वचषक. पडद्याच्या एका भागात बातम्या आणि दुसऱ्या भागात दे-सू भिंतीवर मुठी आपटतो आहे. इतिहास शिकवणाऱ्याला याहून चांगले साधन मिळणार नाही. पाश्चात्त्य प्रेक्षकाला त्यात डायाना आणि मनोरे ओळखू आले. कोरियन प्रेक्षकाला आणखी काही दिसले असणार. चुन आणि त्यांचे उत्तराधिकारी रो ते-वू यांना १९९५ मध्ये अटक झाली, १९९६ मध्ये चुन यांना फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आली आणि डिसेंबर १९९७ मध्ये दोघांनाही माफी देऊन सोडण्यात आले. ज्या किम दे-जुंग यांना चुन यांच्याच राजवटीत १९८० साली फाशी सुनावली गेली होती, ते तेव्हा नुकतेच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले होते आणि त्यांनी या माफीला संमती दिली. राष्ट्राच्या दृष्टीने ती मोठ्या मनाची गोष्ट होती. ग्वांगजूच्या आयांच्या दृष्टीने काय होती, हे त्याच जाणोत. चुन नोव्हेंबर २०२१ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी आपल्या घरी वारले, माफी न मागता.

पार्क चान-वूक यांचा जन्म १९६३ चा, म्हणजे त्यांचे कॉलेजचे दिवस चुन यांच्या राजवटीत गेले. त्यांनी २००२, २००३ आणि २००५ साली एकामागून एक तीन चित्रपट सूडावर काढले. ज्या देशात खटला झाला, शिक्षा झाली आणि हिशेब तरीही मिटला नाही, तिथला कलावंत पुन्हा पुन्हा सूडाकडे वळतो, यात आम्हाला नवल वाटत नाही. हे आमचे मत आहे, त्यांनी तसे म्हटल्याचा दावा नाही.

पैसे घेऊन माणूस कोंडण्याचा तो धंदाही निव्वळ कल्पना वाटावी इतका दूरचा नव्हता. बुसान शहरात ‘ह्युंग्जे बोकजिवोन’, म्हणजे बंधुगृह, नावाची खाजगी संस्था होती. १९७५च्या एका सरकारी आदेशानुसार रस्त्यावरचे ‘भटके’ उचलून अशा संस्थांत ठेवायचे होते आणि संस्थेला माणसामागे अनुदान मिळत असे. बेघर, अपंग, चुकलेली मुले, स्टेशनावर झोपलेले प्रवासी, जो सापडेल तो आत गेला. तिथे मारहाण होती, सक्तीची मजुरी होती, मृत्यू होते. १९८७च्या आरंभी एका सरकारी वकिलाने प्रकरण बाहेर काढले. १९८९ मध्ये न्यायालयाने मालकाला बेकायदा कोंडण्याच्या आरोपातून सोडले, कारण आदेश सरकारचाच होता. पैशांच्या अफरातफरीबद्दल तेवढी शिक्षा झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने जाहीर केले की तिथे किमान ६५७ माणसे मेली. आत जाऊन आलेली मुले आता साठीकडे झुकली आहेत आणि आम्हाला का नेले होते, हा त्यांचा प्रश्न दे-सूच्या प्रश्नाहून वेगळा नाही.

हा सगळा संदर्भ काढून टाकला तरी सांगाडा उभा राहतो, हे नकलांनी दाखवून दिले. मुंबईत संजय गुप्ता यांनी जानेवारी २००६ मध्ये ‘जिंदा’ आणला. संजय दत्त कैदी, जॉन अब्राहम सूड घेणारा, गाव बँकॉक, कैद चौदा वर्षांची. मूळ चित्रपटाचे हक्क न घेताच तो केल्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. ते निषिद्ध गुपित आपल्या प्रेक्षकाला पेलणार नाही म्हणून काढले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याबरोबर वर्षेही निरर्थक झाली. कोणत्याही देशात नसलेल्या माणसाने कोणतीही चौदा वर्षे गमावली. २०१३ मध्ये स्पाइक ली यांनी अमेरिकेत रीतसर हक्क घेऊन तोच प्रयोग केला, कैद वीस वर्षांची, जोश ब्रोलिन नायक. तीन कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि त्याचा छोटासा भागच परत आला. ज्यांना मूळ चित्रपट इतका आवडला होता त्यांनाच तो आपल्या शहरात, आपल्या भाषेत घडलेला बघवला नाही. यावरून दूरपणा हाच आवडण्याचा केवढा मोठा भाग होता ते दिसते.

दरम्यान २००६ सालीच एक गंमत झाली. गंमत म्हणायची, पण चोई मिन-सिक यांना ती तशी वाटली नाही. कोरियात चित्रपटगृहांना वर्षातले १४६ दिवस देशी चित्रपट दाखवणे सक्तीचे होते. १९८८ मध्ये अमेरिकी कंपन्यांना थेट वितरणाची मुभा मिळाली तेव्हा निषेध म्हणून थिएटरांत साप सोडल्याच्या घटना घडल्या होत्या, इतका हा विषय तिथे जिव्हाळ्याचा. १९९४ मध्ये सरकारच्या एका सल्लागार मंडळाने ‘जुरासिक पार्क’ या एका चित्रपटाची कमाई १५ लाख ह्युंदाई गाड्यांच्या विक्रीइतकी असल्याचे सांगितले आणि चित्रपट हा उद्योग आहे हे राज्यकर्त्यांना पटले. १९९६ मध्ये घटना न्यायालयाने चित्रपटांची पूर्व-सेन्सॉरशिप रद्द केली. त्याच वर्षी बुसानचा महोत्सव सुरू झाला. ‘ओल्डबॉय’ या दहा वर्षांच्या मशागतीचे फळ होते. आणि २००६ मध्ये अमेरिकेशी मुक्त व्यापाराची बोलणी सुरू व्हावीत म्हणून सरकारने ते १४६ दिवस ७३ वर आणले. ‘ओल्डबॉय’च्या यशानंतर चोई यांना सरकारने सांस्कृतिक पदक दिले होते. ते त्यांनी परत केले आणि मे महिन्यात कानला जाऊन निदर्शने केली. दोन वर्षांपूर्वी त्याच गावात टाळ्या घेतलेला नट या वेळी फलक धरून उभा होता. त्या छायाचित्राला ऑक्टोपसच्या छायाचित्राइतकी प्रसिद्धी मिळाली नाही.

मग १६ एप्रिल २००७ उजाडला. अमेरिकेच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले आणि स्वतःलाही संपवले. तो कोरियात जन्मला होता, आठ वर्षांचा असताना अमेरिकेत आला होता, तिथल्याच शाळांत वाढला होता. त्याने एका वाहिनीला पाठवलेल्या छायाचित्रांपैकी एकात त्याच्या हातात उगारलेला हातोडा होता. दोन दिवसांत वर्तमानपत्रांनी ते छायाचित्र आणि ‘ओल्डबॉय’मधले दे-सूचे चित्र शेजारी शेजारी छापले. ज्या हातोड्याचे तीन वर्षे कौतुक झाले होते, तो आता पुरावा झाला. त्या तरुणाने तो चित्रपट पाहिला होता, असे कधीच सिद्ध झाले नाही. त्याच्या आजाराची, एकलकोंडेपणाची, बंदूक किती सहज मिळाली याची चौकशी पुढे रीतसर झाली. पण त्या आठवड्यात प्रश्न वेगळाच होता, आणि तो कोरियन माणसांना विचारला जात होता.

त्यांनी तो स्वतःलाही विचारला. कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा पुन्हा शोक व्यक्त केला. वॉशिंग्टनमधल्या कोरियन राजदूतांनी आपल्या समाजाला ३२ मृतांसाठी ३२ दिवस पाळीपाळीने उपवास करण्याचे आवाहन केले. अमेरिकेतल्या कोरियन दुकानदारांनी, पालकांनी, विद्यार्थ्यांनी मान खाली घातली. काही अमेरिकी लोकांनी त्यांना सांगितले की तुम्ही कशासाठी माफी मागता, तो आमच्याच शाळांत शिकलेला मुलगा होता. असे सांगणारे लोक तिथे होते, ही नोंद करायला हवी. टीव्हीवर कोणतीही भयंकर बातमी आली की आरोपीचे नाव कळेपर्यंत ज्यांचा जीव टांगणीला लागतो, त्यांना त्या कोरियन दुकानदाराची खाली गेलेली मान नीट दिसेल.

घटनेनंतर त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हिरवळीवर मृतांसाठी अर्धवर्तुळात दगड मांडले. एका विद्यार्थिनीने त्यांत आणखी एक, मारणाऱ्याच्या नावाचा, तेहतिसावा दगड ठेवला. काही दिवस लोकांनी त्यापुढेही फुले ठेवली. पुढे कायमचे स्मारक बांधले गेले तेव्हा दगड ३२ घेतले.